इंदूरजवळ मुलांना शेतावर न्यायचं आहे, दिवस कसा आखावा?

सुदामानगर
नमस्कार मंडळी. संक्रांतीनंतरच्या रविवारी घरची सगळी मिळून मुलांना एखाद्या शेतावर दिवसभर न्यायचा विचार आहे. महू, सिमरोल, सांवेर, देपालपूर, कुठल्याही बाजूला गेलं तरी हल्ली मुलांसाठी अशी शेतं झाली आहेत. गाई-शेळ्या, ट्रॅक्टरची फेरी, झोके, वाळूचा खड्डा, जेवण, सगळं एका तिकिटात. काही ठिकाणी फोन केले. सगळीकडून यादीच ऐकायला मिळते: रेन डान्स, झिपलाइन, छोटी आगगाडी, सेल्फी पॉइंट. यादीवरून निवड करता येईना, म्हणून इथे विचारतेय.

आमच्यात तीन मुलं आहेत: तीन, आठ आणि अकरा वर्षांची. सासूबाईंचे गुडघे दुखतात. पुण्याहून नणंद येतेय, तिला सहावा महिना आहे. लहान्याला कोकरू जवळ घ्यायचंय, मोठ्याला "बोअर होईल" असं आत्ताच वाटतंय. चांगलं शेत ओळखायचं कसं आणि दिवस कसा आखायचा? ज्यांनी नेलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा.

रामबागकर
ताई, पहिली गोष्ट, घरापासून तासाभरात पोहोचता येईल असंच ठिकाण घ्या. तीन वर्षांचं मूल दीड तास गाडीत बसलं की उतरतानाच किरकिरतं. बरेच जण "आलोच आहोत तर महेश्वर पण करू" म्हणतात. तसं अजिबात करू नका, दोन्हींचा विचका होतो. खंडवा रोडनं जाणार असाल तर लवकर निघा, त्या रस्त्याला ट्रक फार. सकाळी पोहे-जलेबी बरोबर घ्या आणि तिथे पोहोचूनच खा, छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत थांबलात की अकरा वाजलेच समजा.

काळी_माती
आमची शेती देपालपूरकडे. हिवाळ्यात ओळखीपाळखीतली मुलं येतात, शाळांच्याही तुकड्या येतात, त्यामुळे दोन्ही बाजू माहीत आहेत. सगळ्यात कामाचं आधी सांगतो. फोनवर "तुमच्याकडे काय काय आहे" असं विचारलं की यादीच मिळणार. त्याऐवजी विचारा, "या आठवड्यात शेतात काय चाललंय?" खरोखर शेती करणारा माणूस लगेच सांगेल: गव्हाला पाणी सुरू आहे, मटार तोडतोय, लसणाची निंदणी चाललीय, गाय व्यायलीय. जिथे या प्रश्नाला उत्तर नसेल तिथे जनावरं दाखवायला बांधलेली असतात, बाकी सगळी बाग. तीही वाईट नाही, पण मग शहरातली बाग काय वाईट?

जानेवारी आमच्या माळव्यात मुलांसाठी सर्वांत चांगला महिना. गहू गुडघ्याएवढा असतो, हरभऱ्याला घाटे धरायला लागतात, मटार असतो, चिखल नसतो, विंचू-सापाची भीती पावसाळ्यापेक्षा कितीतरी कमी. गव्हाला पाणी देणं चालू असेल तर मुलांना तिथेच न्या. पाटाचं पाणी एका वाफ्यात भरत आलं की छोट्या कुदळीनं मातीचा बांध फोडायचा, पाणी धाडकन पुढच्या वाफ्यात घुसतं, आणि मागचं तोंड चिखलानं बंद करायचं. आठ वर्षांची मुलगी हे काम तासभर करते आणि कोणी थांबव म्हटलं तरी थांबत नाही. पाणी जमिनीत कसं मुरतं, कोरड्या जागी मातीच्या भेगा कशा मिटतात, हे तिला कोणी समजावून सांगावं लागत नाही. झोके कुठेही मिळतात, हे इथेच मिळतं.

धार काढायची असेल तर वेळ विचारून घ्या. सकाळची धार पहाटेच होते, म्हणून बहुतेक ठिकाणी संध्याकाळची चार-पाचची धारच मुलांना बघायला मिळते. वासराला आधी थोडं पिऊ दिलं की गाय पान्हा सोडते, मग धार. हे मुलांनी लांबून आधी बघावं आणि मग मालक सांगेल तेव्हा एकेकानं जवळ जावं. गाईच्या मागून कधीच जायचं नाही, बाजूनं, तिला दिसेल असं जायचं. भोवती गर्दी आणि आरडाओरडा असला तर गाय दूध चोरते, म्हणजे आखडून धरते, हे खरं आहे.

आता धोक्याचं. एक, शेततळं. त्याला आत प्लास्टिक अंथरलेलं असतं, उतार गुळगुळीत असतो, मोठा माणूस पडला तरी वर येता येत नाही. चारी बाजूंनी तारेचं कुंपण आणि आत सोडलेला दोर नसेल तर त्या शेतावर लहान मुलं नेऊ नका, बाकी कितीही छान असलं तरी. दोन, उघडी विहीर, कठडा आहे का विचारा. तीन, ट्रॅक्टर. मडगार्डवर मूल बसवलेलं फोटोत छान दिसतं, पण तिथून घसरलं की थेट चाकाखाली. फेरी ट्रॉलीत, तीही खाली बसून आणि चालण्याच्या वेगानं. चार, कडबाकुट्टी, म्हणजे चारा कापायचं यंत्र. चालू असताना मुलांनी तिच्या आसपासही फिरकायचं नाही.

पुणे_व्हाया_इंदूर
काळी_माती, फार छान लिहिलंत. पण एक विचारते. अकरा वर्षांच्या मुलाला पाटाच्या पाण्यात किती वेळ रमवणार? माझा भाचा त्याच वयाचा. त्याला झिपलाइन नसेल तर तो गाडीत मोबाइल घेऊन बसतो. झिपलाइन असलेलं शेत का नको?

काळी_माती
नको असं नाही. दोर, हार्नेस, हेल्मेट नीट असेल आणि प्रत्येकाला बांधून देणारा माणूस तिथे उभा असेल तर करू द्या. पण ते पाच मिनिटांत संपतं आणि मग पुन्हा रांग. त्या वयाच्या मुलाला "बघ" म्हटलं की कंटाळा येतो, "कर" म्हटलं की येत नाही. त्याला खरं काम द्या. मटारचं एक पोतं तोडून तोलून द्यायचं, शेळ्यांची वैरण मोजून टाकायची, लहान भावंडांचा हात धरून गोठा दाखवायचा. आमच्याकडे या वयाची पोरं जेवायला बोलावलं तरी येत नाहीत.

कृषी_कॉलेज_रोड
मोठ्या मुलासाठी एक सुचवतो आणि हे इंदूरच्या मुलांना तरी ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं. शेतावर खताचा ढीग रचायला सांगा. जगभर सेंद्रिय शेतीवाले ज्याला "इंदूर पद्धत" म्हणतात ती आपल्या इथल्या कृषी महाविद्यालयाच्या जागेत तयार झाली. 1924 साली तिथे वनस्पती उद्योग संस्था सुरू झाली, होळकर दरबारनं जमीन दिली, आणि इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड 1931 पर्यंत तिचे संचालक होते. त्यांच्यासोबत रसायनाचं काम यशवंत वाड बघत. 1931 मध्ये या पद्धतीवरचं पुस्तक दोघांच्या नावानं आलं. हॉवर्डना ही कल्पना कोऱ्या पाटीवर सुचली नव्हती. इथल्या शेतकऱ्यांचं शेण, काडीकचरा, राख वापरणं त्यांनी बघितलं, चीनमधल्या शेतकऱ्यांच्या पद्धतीबद्दल वाचलं, आणि ते सगळं मोजून-मापून बसवलं. 1935 मध्ये गांधीजी हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदुरात आले होते, तेव्हा त्यांनी मुद्दाम ही संस्था बघितली.

मुलांना करायला हे अगदी सोपं. खाली काड्या आणि वाळलेला पाला, त्यावर ओला पाला, त्यावर शेण आणि गोठ्यातली गोमूत्र मुरलेली माती, वर थोडी राख, मग पाण्याचा शिडकावा. पुन्हा तेच थर. फक्त पायानं दाबायचं नाही, हवा आत खेळली पाहिजे, नाहीतर सडून वास मारतो. मूळ पद्धतीत ढीग तीन वेळा उलथतात आणि साधारण तीन महिन्यांत खत तयार होतं. खरी मजा शेतावरच्या आठवडाभर जुन्या ढिगात असते. त्यात लोखंडी सळई खुपसून थोडा वेळ ठेवायची आणि मोठ्या माणसानं बाहेर काढून मुलांना जपून हात लावू द्यायचा. सळई गरम लागते! आत डोळ्यांना न दिसणारे जीव खाता खाता एवढी उष्णता निर्माण करतात, हे त्या सळईनं अकरा वर्षांच्या मुलाला जितकं पटतं तितकं पुस्तकातल्या आकृतीनं पटत नाही. थंडीच्या सकाळी ढीग उलथला तर वाफाही निघताना दिसतात.

आपल्या शहरात ओला-सुका कचरा वेगळा करणं मुलांच्या अंगवळणी पडलंय. देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा, दिवसाला 550 टन क्षमतेचा प्रकल्प 2022 पासून आहे. घरातलं साल-देठ पुढे कुठे जातं आणि त्याचं काय होतं, याचा धागा या ढिगाशी जोडून सांगा.

रामबागकर
वा! इतकी वर्षं त्या कॉलेजवरून जातोय, मुलांना हे आजच सांगतो.

बालवैद्य
मी मुलांची डॉक्टर आहे. या सहली मुलांनी जरूर कराव्यात, म्हणूनच थोडं तब्येतीचं लिहिते.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे साबण आणि वाहतं पाणी. गाई, शेळ्या, मेंढ्या, कोंबड्या अगदी निरोगी दिसत असल्या तरी त्यांच्या शेणा-लेंड्यांतून ई-कोलाय, साल्मोनेला, क्रिप्टोस्पोरिडियम असे जंतू येतात. पाच वर्षांखालच्या मुलांना त्यांचा त्रास जास्त होतो आणि ई-कोलायचा एक प्रकार तर क्वचित मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो. पर्समधल्या सॅनिटायझरवर विसंबू नका. क्रिप्टोस्पोरिडियम त्यानं मरत नाही आणि हात मातीनं भरलेले असतील तर बाकी जंतूंवरही त्याचा नीट असर होत नाही. जनावरांना हात लावल्यावर, गोठ्यातून बाहेर आल्यावर आणि खाण्याआधी 20 सेकंद साबणानं हात चोळून धुवायचे. शेत निवडताना हे बघाच: गोठ्याच्या दारातच, मुलांचा हात पोहोचेल इतक्या उंचीवर नळ आणि साबण आहे का? दूर मागे कुठेतरी संडासापाशी नळ असेल तर मुलं धूत नाहीत, आपणही कंटाळतो.

गोठ्यात काहीही खायचं नाही. बाटली, चोखणी, अंगठा तोंडात, काही नाही. लहान मुलाच्या हातात खाऊ असेल तर तो बाहेर ठेवूनच आत जायचं. धारोष्ण दूध प्यायला देतात, कौतुकानं आग्रह करतात. नम्रपणे नाही म्हणा. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षयाचे जंतू येऊ शकतात. तेच दूध उकळून आणायला सांगा, मुलं तितक्याच आनंदानं पितात.

नणंदेबद्दल. तिनं शेतावर जायला हरकत नाही, पण शेळ्या-मेंढ्यांच्या वाड्यात जाऊ नये, विशेषतः जिथे त्या व्यायल्यात किंवा व्यायच्या बेतात आहेत तिथे. त्या वेळच्या स्रावांतून गर्भाला घातक ठरणारे काही संसर्ग होतात. कोकरू, करडू तिच्या मांडीवर देऊ नका, फोटोसाठीसुद्धा. आणि जी मंडळी त्या वाड्यात जाऊन येतील त्यांनी हात धुवून, चपला साफ करूनच तिच्याजवळ जावं.

शेतावर कुत्री-मांजरं असतातच. दात लागला किंवा नखाचा ओरखडा आला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. हळद-चुना लावत बसू नका. निघण्याआधी मुलांची धनुर्वाताची लस वेळच्या वेळी झालीय का तेही कार्डावर बघून घ्या.

सुदामानगर
बालवैद्य, खूप खूप आभार. नणंदेला धागा पाठवला. काळी_माती, एक राहिलं: मुलांना शेतातले हरभरे तोडून तिथेच खायचेत. आणि संक्रांत नुकतीच झालेली असेल, तिळगूळ, पोळ्या जनावरांना घालू का?

काळी_माती
हरभऱ्यावर घाटेअळी पडते, त्यामुळे याच दिवसांत फवारणी होते. शेवटची फवारणी कधी झाली हे मालकाला विचारल्याशिवाय एकही दाणा तोंडात नको. हरभऱ्याच्या पानांवर आंबट आंब असते, मुलं बोटं चाटतात, त्यासाठीही हेच. काही जण घरच्यासाठी दोन ओळी फवारणीशिवाय ठेवतात, तिथून घ्या. तिथला हरभरा उपटून काटक्यांच्या आगीत होळे भाजायचे, राख झटकून गरम गरम खायचे. त्याहून चांगलं मधल्या वेळचं खाणं मला तरी माहीत नाही.

पोळ्या नकोत. संक्रांतीला लोक पुण्य म्हणून गाईंपुढे खिचडी, पोळ्या, गूळ यांचे ढीग लावतात. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात धान्य एकदम जास्त गेलं की तिथे आम्ल वाढतं, पोट फुगतं, जनावर दगावतंसुद्धा. बिस्किटं, ब्रेडचंही तेच. मालक देईल तोच चारा, त्याच्या हातानं मोजलेला. मूल शेळीला चारत असेल तर हात सपाट, बोटं जोडलेली. शेळीला पुढच्या बाजूला वरचे दात नसतात, ओठांनी हळूच उचलते, तळव्याला गुदगुल्या होतात. मात्र बोटं आत दाढांपर्यंत जाऊ द्यायची नाहीत.

मळ्यातली_सून
जनावरांचं निघालं म्हणून लिहिते. एका ठिकाणी आम्ही बघितलं, ससे पिंजऱ्यातून काढून सकाळपासून एका हातातून दुसऱ्या हातात. एक तर कानांनी उचललेला. बघवेना. ससा घाबरला की सहसा ओरडत नाही, गप्प होतो, आणि मुलांना वाटतं तो लाडात आलाय. चांगल्या ठिकाणी मूल खाली जमिनीवर बसतं आणि ससा किंवा करडू आपणहून जवळ येतं. त्यांना लपायला आडोसा असतो, ठरावीक वेळानं विश्रांती असते. पाण्याची हौदी स्वच्छ आहे का, गोठ्याची जमीन कोरडी आहे का, दोर किती लांब आहे, एवढं बघितलं तरी मालक कसा आहे ते कळतं. जे जनावरांशी नीट वागतात ते पाहुण्यांच्या मुलांकडेही लक्ष देतात.

पुणे_व्हाया_इंदूर
हे फार पटलं. मुलांना आधीच घरी सांगून न्यावं, "ते आलं तर हात लावायचा, पळालं तर पळू द्यायचं."

बाफलेवाली
जेवणाबद्दल कोणीच बोलेना! शेतावर जाऊन पनीर-नूडल्स खाऊ नका हो. आधी सांगून ठेवलंत तर कुठेही दाल-बाफले करून देतात. त्यातही मुलांना सामील करून घ्या. जाडसर कणीक, थोडं मक्याचं पीठ, ओवा, हळद, तूप, घट्ट भिजवून गोळे वळायला मुलांना द्या. गोळे उकळत्या पाण्यात सोडले की आधी तळाला जातात, शिजले की वर तरंगतात, मुलं तिथून हलत नाहीत. मग कंड्यांच्या, म्हणजे गोवऱ्यांच्या, आचेवर भाजायचे, फोडायचे, तुपात बुडवायचे. कंड्यांपाशी मात्र मोठ्यांनीच. थंडी आहे तर संध्याकाळी गराडूचा कंद तळून वर जीरावन मसाला, सासूबाईही खुश.

एक मात्र ध्यानात ठेवा. बाफले खाल्ल्यावर मोठ्यांना झोप येतेच. म्हणून पाण्याचं, गोठ्याचं, ट्रॅक्टरचं जे काही लक्ष ठेवायचं काम आहे ते जेवणाआधी. दुपारी दोन तास सावलीत सतरंजी, लहान्याची झोप, आणि मोठ्या मुलांना मोकळ्या जागेत गिल्ली-डंडा, सितोलिया (लगोरी). संक्रांतीचे दिवस आहेत, आपल्याकडे याच दिवसांत गिल्ली-डंडा खेळतात आणि कित्येक मुलांना आता तो येतच नाही. आजोबा, काका असतील तर ते शिकवतील. डोळे सांभाळा, बघ्यांनी लांब उभं राहायचं.

रामबागकर
सासूबाईंसाठी: संडास पाश्चात्त्य पद्धतीचा आहे का आणि गाडी किती जवळ जाते, हे दोन प्रश्न फोनवरच विचारा. घरून पाठ टेकायची खुर्ची न्या, शेतावरच्या खाटा फार खोलगट असतात, गुडघेवाल्यांना उठवत नाही. बसायची जागा अशी बघा की तिथून मुलं खेळताना दिसतील. आजी-आजोबांना कोपऱ्यातल्या खोलीत बसवून ठेवलं तर त्यांना आणलं कशाला?

सुदामानगर
सगळ्यांचं वाचून पुन्हा फोन केले. "या आठवड्यात शेतात काय चाललंय" या प्रश्नावर एका ठिकाणी बाईंनी "मॅडम, रेन डान्स आहे ना" असं उत्तर दिलं. सांवेरकडच्या एका शेतावर मालक स्वतः फोनवर आले आणि अर्धा तास गव्हाबद्दलच बोलत राहिले. झिपलाइन नाही, आगगाडी नाही. शेततळ्याला जाळी आहे, दोर आहे, गोठ्याच्या दारात नळ आहे. खताच्या ढिगाचं सांगितलं तर म्हणाले, जुना ढीग उलथायचाच आहे, मुलांना घेऊन या. हेच ठरवलंय.

आखणी अशी: साडेसातला निघायचं, पोहोचून नाश्ता, मग गव्हाचं पाणी आणि मटार. मोठा ढिगावर. साडेअकराला गोठा, मग सगळ्यांचे हातपाय धुवून बाफले वळायला. दुपारी आराम आणि खेळ. साडेचारला धार लांबून बघायची, उकळलेलं दूध प्यायचं, सहाच्या आत निघायचं. नणंद आणि सासूबाई चिंचेखाली, मटार सोलायला त्यांच्याकडे. प्रत्येकाला कपड्यांचा एक जास्तीचा जोड, बंद बूट, साबणाच्या दोन वड्या, टोपी. पाण्याजवळ मुलं असतील तेव्हा कोणा एका मोठ्या माणसाकडे फक्त तेवढंच काम, मोबाइल खिशात. हे पाळीपाळीनं करायचं ठरलंय, नाहीतर सगळेच आहेत म्हणून कोणाचंच लक्ष नसतं. काही राहिलंय का?

बालवैद्य
मोटारीत बसण्याआधी परत एकदा हात, आणि शेणात भरलेले बूट पिशवीत बांधून डिकीत. बाकी उत्तम. दुपारी ऊन चटकतं, पाणी भरपूर पाजा.

काळी_माती
एकच राहिलं. शेतीची वीज ठरलेल्या पाळीनं येते. तुम्ही पोहोचाल तेव्हा पंप चालू असेलच असं नाही. शनिवारी संध्याकाळी मालकांना फोन करून रविवारी वीज किती वाजता आहे ते विचारा आणि त्याप्रमाणे पाणी आणि ढीग यांची अदलाबदल करून घ्या. पंपाच्या पेटीपाशी आणि जमिनीवरच्या वायरींपाशी मुलं नकोत, तिथलं पाणी बंद-चालू मालकच करतील.